तुळशीरामभाऊंचा उजवा कान

वडशाला मी सहा वर्षं होते. मुलींच्या शाळेत मास्तरीण. त्या सहा वर्षांत तुळशीरामभाऊंनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो जवळजवळ दर रविवारी विचारला. "बाई, काय कमी वाटून राह्यलं?"

प्रश्न असे तो माझ्या पुस्तकांच्या फळीवरच्या एका लाकडी पेटीबद्दल. पेटीत रेडिओचा स्पीकर होता आणि पेटी भाऊंनी स्वतःच्या हातांनी केलेली होती. आपण केलेल्या वस्तूबद्दल माणूस 'कशी वाटली?' असं विचारतो आणि उत्तराआधीच हसायला लागतो. भाऊंनी तसं कधी विचारलं नाही. एकदा मीच त्यांना त्याचं कारण विचारलं, तर म्हणाले, "कसं वाटते म्हणलं का माणूस छान म्हणते. छान म्हनायले कान लागत नाई."

हे वाक्य मी त्याच वेळी मनावर घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

भाऊ काही सुतार नव्हते. स्टेशनाला लागून एका शेठचा सागाचा डेपो होता, तिथे ते ठोक्याचं काम करीत. जंगलातून आलेला लठ्ठा बाहेरून कितीही देखणा असला तरी आतून सडलेला असू शकतो. भाऊ त्याच्या तोंडावर छोट्या हातोडीने एक ठोका देत आणि तो विरायच्या आत उजवा कान लाकडाला लावीत. मग न बोलता हात वर करीत. मूठ मिटलेली असली तर लठ्ठा भरीव, पंजा उघडा असला तर पोकळ. लांब उभा असलेला मुकादम त्याप्रमाणे खडूची खूण करी. डेपोत करवतींचा एवढा कल्ला असे की बोलून उपयोगच नसे.

या कानाला भाऊ फार जपत. थंडीत त्याच्यावर लाल रुमाल असे. भातगिरणीचा भोंगा व्हायच्या वेळेला ते रस्त्याची बाजू बदलत. लग्नात वाजंत्रीकडे डावा कान करून बसत, मग तोंड भिंतीकडे झालं तरी चालेल. "डावा कान देवाचा, उजवा पोटाचा," असं सांगत. त्यांची बायको जानकाबाई फटकळ होती. ती म्हणे, "याले लाकूड काय म्हणते थे ऐकू येते. बायको काय म्हणते थे नाई येत."

एकदा नागपूरच्या एका कंत्राटदाराने भाऊंच्या उघड्या पंजावर शंका घेतली. लठ्ठा खरंच देखणा होता, बुंध्याला एक भेग नाही. तो म्हणाला, शेठ चांगला माल दुसऱ्यासाठी राखून ठेवतो आणि हा माणूस त्याला सामील आहे. भाऊ चिडले नाहीत. म्हणाले, "कापा. भरीव निघाला तर माहा कान कापून नेजा." मधोमध करवत चालवली. आत कोपरापर्यंत हात जाईल एवढं भगदाड आणि त्यात सापाची अख्खी कात. कंत्राटदार दोन पावलं मागे सरला. भाऊंनी कानावरचा रुमाल नीट केला आणि पुढच्या लठ्ठ्याकडे गेले. पोकळ लाकडाची एक नाट घराच्या छपराला लागली तर ती कुणाच्या तरी डोक्यावर येईल, एवढाच विचार त्यांना असे. कंत्राटदाराची जिरली याचं त्यांना काही वाटलंही नसावं.

मी माझ्या मुलींना एकदा डेपो दाखवायला नेलं होतं. भाऊंनी तीस फुटी लठ्ठ्याच्या एका टोकाला एका मुलीला कान लावून बसवलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बाभळीच्या काट्याने हलकेच खरडलं. जवळ उभं राहूनसुद्धा आम्हाला काही ऐकू आलं नाही. ती मुलगी मात्र किंचाळून उठली, "भाऊ, आत उंदीर हाये!" मग बावीस मुलींनी तो उंदीर ऐकला. भाऊ बावीस वेळा काट्याने खरडत बसले. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी एक आंधळी आई आणि एक विधवा बहीण होती. ती चार माणसं त्या एका कानावर जेवत.

पेटीची गोष्ट अशी. माझ्या भावाने नवा रेडिओ घेतला आणि जुना मला पाठवून दिला. बॅटरीवर चालणारा होता, कारण आमच्या आळीत वीज नव्हती. गाडीत आदळून त्याचं खोकं तडकलं होतं, आवाज थरथरत यायचा. कुणी सुतार मिळेल का म्हणून मी डेपोत विचारलं, तर संध्याकाळी भाऊ स्वतःच आले. त्यांनी रेडिओ ऐकला. उजवा कान पुढे करून, डोळे मिटून, बराच वेळ ऐकला. मग म्हणाले, "बाई, गानारीन चांगली हाये. डब्यात कोंडली हाये."

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्पीकर बाहेर काढला, त्याला लांब तार जोडली आणि त्याच्यासाठी वेगळी पेटी केली. पहिली अख्खी सागाची. ती त्यांना पटली नाही. आवाज ताठ झाला म्हणाले. दुसरी बिज्याच्या लाकडाची, ती जड झाली. असं करत सहा महिने गेले. शेवटी चौकट सागाची आणि पुढची-मागची फळी शिवणीच्या हलक्या लाकडाची, हे ठरलं. ढोलकीला शिवण लागते ती उगाच नाही, असं त्यांचं म्हणणं. आत सावरीचा कापूस पसरला, जास्त दाबला तर आवाज झोपतो आणि कमी झाला तर घुमतो. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायची, कोनाड्यात तर मुळीच नाही. माझ्या फळीवर दोन्ही बाजूंना पुस्तकं होती. ते त्यांना फार आवडलं. "पुस्तकं फालतू आवाज पिऊन घेतात. उरते थो खरा," म्हणाले.

खरंच सांगते, त्या फळीवरून जसं गाणं येई तसं मी पुढे शहरातल्या मोठमोठ्या घरांतही ऐकलं नाही. सारंगी डावीकडच्या शब्दकोशाआडून आल्यासारखी वाटे. गाणाऱ्या बाईने मध्येच श्वास घेतलेला कळे.

मग बातमी पसरली. डॉक्टरांनी एक पेटी करून घेतली, भातगिरणीच्या शेठनेही घेतली. भाऊ या दोन घरांतही महिन्याला जात आणि तोच प्रश्न विचारीत. डॉक्टर म्हणत, "एकदम क्लिअर." पेटीकडे न बघता म्हणत. गिरणीचे शेठ म्हणत, "तुळशीराम, आवाज रस्त्यापर्यंत नाही जात. लोकांना कळलं पाहिजे आपल्याकडे आहे म्हणून." भाऊ तिथल्या तिथे म्हणाले, "मंग भोंगा लावा शेठ. पेटी काऊन पाह्यजे?"

भाऊंच्या मनासारखं मत त्यांना एकाच माणसाने दिलं. थंडीत वडशाला नाटकांचा हंगाम असे. त्यातल्या एका मंडळीत मनोहर नावाचा गडी नायिकेचं काम करी. तो माझ्याकडे एका रविवारी आला, अर्धा तास ऐकत बसला आणि बेधडक म्हणाला, "डग्गा झकास हाये. पन बाई नाकातून गाऊन राह्यली." माझा चेहरा पडला. भाऊंनी मात्र उठून त्याला मिठी मारली. ही त्या पहिल्या सहा महिन्यांतली गोष्ट, पेटीला शिवण अजून लागली नव्हती. शिवण आली ती मनोहरच्या त्या वाक्यामुळे. पुढे कित्येक दिवस भाऊ त्याचं नाव गुरूचं घ्यावं तसं घेत. मनोहर होता पंचवीस वर्षांचा आणि भाऊ पन्नाशीचे.

आता मला माझ्याबद्दल बोलावं लागेल. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

चौथ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी भाऊंनी माझी पेटी पुन्हा उघडली. कुरखेड्याकडून आलेल्या मालात त्यांना शिवणीची एक फळी सापडली होती. सरळ रेषांची, गाठ नसलेली. डेपोतून परत आल्यावर रोज दोन तास, असे पंधरा दिवस त्यांनी ती घासून पातळ केली आणि मागे बसवली. मी निघायच्या घाईत एकदाच ऐकून सुट्टीला गावी गेले.

जूनमध्ये परत आले तर आवाज दबलेला. गाणारी तोंडावर पदर घेऊन गातेय असा. पहिल्याच रविवारी भाऊ आले. सुट्टीत वैनगंगेत डुंबल्यामुळे त्यांचा उजवा कान फुटला होता, महिनाभर वाहत होता. कापसाचा बोळा नुकताच निघाला होता. ते नेहमीच्या जागी बसले, ऐकलं, आणि विचारलं, "बाई, काय कमी वाटून राह्यलं?"

मला त्यांच्या बोटांवरचे घासण्याचे घट्टे दिसले. पंधरा दिवसांची मेहनत दिसली. मी म्हणाले, "काही नाही भाऊ. छान आहे."

"नीट ऐका."

"ऐकलं ना. पहिल्यापेक्षा छान आहे."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा खरं बोलायला जागा राहत नाही, हे मी वर्गात मुलींना सांगत असे. भाऊ अधिकाधिक वेळ बसू लागले. कधी पेटीच्या अगदी जवळ कान नेत, कधी दारापर्यंत मागे जात. चहा गार होई. मला वाटे, स्वतःच्या कामाचं कौतुक ऐकायला माणसाला आवडतं, भाऊही शेवटी माणूसच. किती उथळ विचार केला मी!

भाऊंचं गणित साधं होतं. त्यांनाही आवाज दबलेला वाटत होता. दोष पेटीत असेल तर दुसऱ्यालाही तो ऐकू यायला हवा. दुसऱ्याला येत नसेल, तर दोष पेटीत नाही, कानात आहे. डॉक्टर आणि गिरणीचे शेठ यांच्या मतावर त्यांचा विश्वास नव्हता. मनोहर पावसाळ्यात आपल्या गावी भात लावत होता. राहिले मी. मास्तरीण खोटं बोलणार नाही, हे ते धरूनच चालले होते. दर रविवारी ते माझ्याकडे कान तपासायला येत होते आणि दर रविवारी मी तो नापास करून परत पाठवत होते.

दसऱ्याला डेपोत हत्यारांची पूजा असे. करवती, कुऱ्हाडी, साखळ्या मांडत. भाऊंची हातोडी सगळ्यांत पुढे, झेंडूची माळ घातलेली. पूजा झाली, ज्याने त्याने आपापलं हत्यार उचललं. भाऊंनी आपली हातोडी उचलली, आपट्याच्या पानांसोबत देवाजीच्या हातात दिली आणि शेठना म्हणाले, "शेठ, माह्या कानाचा आता भरवसा नाई. देवाजी ठोकन. म्या त्याले शिकवला हाये."

देवाजी डेपोतलाच मजूर, तीन लेकरांचा बाप. शेठ म्हणाले, "अरे, तुझा एकही ठोका अजून चुकला नाही."

"लाकडाले कान लावला का हाडातून ऐकू येते शेठ. पन हवेतलं जाऊन राह्यलं. आज हवेतलं गेलं, उद्या हाडातलं जाईन. चुकल्यावर सोडू का?"

दुसऱ्या दिवसापासून ते बांबूचे गठ्ठे मोजायला लागले. हे मला शाळेत कळलं. मला वाईट वाटलं, आणि तरीही, देवाशपथ, माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. त्यांच्या त्या प्रश्नाचा आणि हातोडीचा संबंध मला जोडता आला नाही. रविवारी ते आलेही नाहीत.

दिवाळीची झाडझूड करताना मी फळीवरची पुस्तकं खाली काढली आणि पेटी पुसायला उलटी केली. तार जाण्यासाठी मागे भोक होतं, त्याच्या कडेला माती चिकटलेली दिसली. मी चार खिळे काढून मागची फळी उघडली. आत, स्पीकरच्या कागदी पडद्यावर, कुंभारीण माशीने घर बांधलं होतं. पेरूएवढं. मातीच्या नळ्या एकावर एक रचलेल्या. मी सुट्टीला गेले होते तेव्हा पेटी महिना-दीड महिना गप्प होती. तिने निवांत बांधलं होतं.

आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. पदर तोंडावर घेतल्यासारखा आवाज कुठून येत होता ते, आणि भाऊ दारापर्यंत मागे का जात होते तेही. मी जमिनीवर बसले आणि रडले.

पेटी तशीच उघडी, पदरात घेऊन भाऊंच्या घरी गेले. जानकाबाई अंगण सारवत होती. भाऊ ओट्यावर होते. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी माशीच्या घराकडे बघितलं, बोटाने नळी चाचपली.

"कवापासून?"

"सुट्टीतलं असेल. मी आले तेव्हापासून आवाज तसाच होता."

"कसा होता?"

"दबलेला. गाणारीने तोंडावर पदर घेतल्यासारखा."

भाऊंनी नळीवरचं बोट काढून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हंजे बाई, तुमाले ऐकू येत होतं?"

"हो."

"पयल्या रविवारपासून?"

"हो भाऊ. तुम्ही एवढी मेहनत घेतली होती... मला सांगवेना."

जानकाबाई शेणाच्या हातांनी उठून उभी राहिली. "बाई, तुमी मास्तरीन! याचं आंगातलं पानी झालं चार महिने. रातभर कानाशी टिचक्या वाजवून पाहे. अन् तुमाले सांगवेना?"

"जानका, राहू दे," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, राग न करता, त्यांनी जे म्हटलं ते मला अजून झोपू देत नाही. "बाई, मले तुमचं मत पाह्यजे होतं. मान नाई."

त्यांनी चाकूच्या टोकाने ते घर अलगद सोडवलं. नळ्यांना भोकं पडली होती, पिल्लं केव्हाच उडून गेली होती. "राहून गेल्या फुकटात," म्हणाले, आणि ते मातीचं घर खिडकीत ठेवून दिलं. कागद ओल्या फडक्याने पुसला. मग आम्ही माझ्या घरी आलो, पेटी लावली. दुपारची गाणी चालू होती. भाऊ नेहमीच्या जागी बसले, उजवा कान पुढे केला. पहिल्या ओळीतच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान खाली घातली.

मी डेपोच्या शेठकडे जाते, सगळं सांगते, असं मी म्हणाले. भाऊंनी मान हलवली. "दसऱ्याले देल्लं हत्यार कोनी परत मागते का? अन् देवाजीचं पोट्टं आता शाळेत जाऊन राह्यलं. तुमच्याच शाळेशेजारी." मी पुन्हा पुन्हा म्हणाले. शेवटी ते म्हणाले, "कान हाये ना माह्यापाशी. थो कुठी गेला?" तो विषय तिथेच संपला. ते पुढेही बांबूच मोजत राहिले.

रविवार मात्र पुन्हा सुरू झाले. आता नियम होता. मी एक तरी उणं सांगितल्याशिवाय भाऊ चहाला हात लावत नसत. पहिल्यांदा मला फार जड गेलं. मग सवय झाली. "झांज टोचते." "निवेदकाचा 'स' शिट्टी घालतो." ते कापूस मागेपुढे करीत, पेटी दोन बोटं सरकवीत. मनोहर हंगामात आला की आम्ही तिघं भांडत असू. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी खरं बोलायला शिकले ते त्या दोन वर्षांत, शाळेत शिकवून शिकवून नव्हे.

मग माझी बदली झाली. सामान गाडीत चढलं, पेटी मी मांडीवर घेतली. भाऊ पोचवायला आले होते. गाडीला उशीर होता. माझ्या खिडकीसमोर, फलाटापलीकडच्या रुळांलगत सागाचे लठ्ठे रचलेले होते आणि देवाजी हातोडी घेऊन ते ठोकत होता. भाऊ खिडकीशी उभे होते, लाल रुमाल कानावर.

"बाई, शेवटचं विचारतो. काय कमी वाटून राह्यलं?"

मी पेटीवर हात ठेवला. "खालचा षड्ज अजून थोडा घुमतो भाऊ."

त्यांचा चेहरा उजळला. "घुमतेच. नवं घर पाहून कापूस बोटभर वाढवजा."

इंजिनाची शिट्टी झाली. भाऊंनी चटकन उजवा कान झाकला, पुन्हा उघडला. तेवढ्यात पलीकडे देवाजीने एका लठ्ठ्याला ठोका दिला, कान लावला आणि मूठ वर केली. भरीव. मुकादम खडू घेऊन पुढे निघाला.

भाऊ वळले. पंधरा पावलांवरून, हवेतून, त्यांनी तो ठोका ऐकला होता. गाडी हलली, तरी ते माझ्याकडे न बघता रूळ ओलांडून देवाजीकडे गेले. त्याला रागावले नाहीत, हातोडी हातात घेतली नाही. फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. पण ओठ कसे हलले ते दिसलं, आणि ते ओठ मला पाठ होते.

देवाजी पुन्हा वाकला. ठोका दिला, कान लावला आणि या वेळी बराच वेळ तसाच राहिला. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. गाडी वळणाला लागायच्या आत त्याचा हात वर गेला. पंजा उघडा होता.